पाचव्या पडद्याचा जमाना

१९७३ साली ‘यादों की बारात’ आला आणि आमच्या गिरगावच्या चाळीत तबल्या-पेटीच्या शेजारी गिटारही दिसू लागली. पण ती लावायची कशी? ट्यूनिंग फोर्क कुणाकडे नव्हता. मग शेजारची पेटी उघडायची, पांढरी सहा दाबून धरायची आणि पाचवी तार तिच्याशी मिळवायची. हा ‘ए’. पुढचं गिटारच सांगे. पाचवीचा पाचवा पडदा दाबला की चौथीचा ‘डी’, चौथीच्या पाचव्यावर तिसरीचा ‘जी’. तिथे मात्र नियम मोडतो, ‘बी’साठी चौथा पडदा. दुसरीच्या पाचव्यावर ‘ई’. सहावी उरली, तिचा पाचवा पडदा पाचवीशी जुळवायचा.

पावसाळ्यात लाकूड फुगायचं, खुंट्या सरकायच्या, म्हणून हा खटाटोप रोजचा. त्यातच पडद्यांवरचे सूर, कुणी न शिकवता, पाठ होत. मधल्या जागा त्यांच्या आधाराने भरायच्या: ‘बी-सी’ आणि ‘ई-एफ’ लागून, बाकीच्यांमध्ये एक पडदा मोकळा, बाराव्यावर पुन्हा पहिल्यापासून. क्लासातले गोवेकर सर अचानक विचारत, “चौथी तार, सातवा पडदा, बोल रे?” ‘ए’ म्हणायला क्षणभर उशीर झाला की भुवया वर. पेटीवाल्यांची मात्र तारांबळ उडे. त्यांच्या एका सुराला एकच पट्टी. इथे पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसरीच्या पाचव्यावर, तिसरीच्या नवव्यावर, चौथीच्या चौदाव्यावरही सापडतो, आणि तार जाड होईल तसा त्याचा आवाज अधिक भरदार होतो.

नात आता गिटारच्या डोक्याला ट्यूनरचा चिमटा लावते, हिरवा दिवा लागला की काम झालं. फोनवरच्या प्रश्नमंजुषेत ती सुरांची नावं आमच्यापेक्षा भराभर सांगते. गाणी टॅबवरून, म्हणजे पडद्यांचे आकडे वाचून. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. लुईस मिलानने १५३६ साली स्पेनमध्ये छापलेल्या ‘एल मायेस्त्रो’त विहुएला या गिटारसारख्या वाद्यासाठी रेघांवर आकडेच आहेत.

मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावतो. एक ११० कंपनांवर, दुसरी ११२ वर असेल, तर सेकंदाला दोनदा. खुंटी हळूहळू फिरवावी तसे हेलकावे संथ होत जातात आणि थांबतात. आमचा कान त्या थांबण्यावर तयार झाला. नातीला ते ऐकायची गरजच पडली नाही.

अर्थात आमच्या पद्धतीत कानाची चूक तारेगणिक साठत जाई, आणि प्रत्येक घरच्या पेटीची पट्टीही थोडी निराळी. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तीन गिटारी एका सुरात आणता आणता समोरचे लोक चहा पिऊन येत. नातीची चौकडी आली की लगेच वाजवायला लागते. याचा मला भारी हेवा वाटतो.