वैशाखातली केदारची वाट



कारखान्यांचा पट्टा पडला, ऊसतोडीला गेलेली माणसं घरी परतली, गहू-हरभरा घरात आला, की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी एक बोलणं सुरू होतं, ‘यंदा केदारला जायचं.’ परळीचा वैजनाथ दारात असला तरी हिमालयातला केदारनाथ एकदा डोळ्यांनी पाहावा, असं प्रत्येकाला वाटतं. पेरणीला अवकाश असतो, म्हणून वैशाखच सोयीचा. पण आपल्या बिंदुसरेचं पात्र कोरडं पडतं, त्याच दिवसांत तिकडच्या वाटेवर बर्फ असतो. तो पायाखाली आल्यावरच कळतो. म्हणून हे चार शब्द.

मंदिर हिवाळ्याचे सहा महिने बंद असतं. उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीला उखीमठात ठरतो. २०२४ साली तो १० मे होता, २०२५ साली २ मे. गौरीकुंडापासून चढ सुमारे १६ किलोमीटर. जून २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेलं. तेव्हापासून तिथून पुढची वाट मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने, लिंचोलीवरून जाते. याच वरच्या टप्प्यात घळींमध्ये बर्फ साचून राहतो. मजूर तो कापून वाट मोकळी करतात.

हा बर्फ दिवसभरात रूप पालटतो. पहाटे काचेसारखा टणक, पाय ठरत नाही. ऊन चढलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि खेचरांच्या टापांनी त्याचा रबडा होतो. दुपारनंतर ढग भरून येतात, घळीत वरून बर्फ घसरण्याचंही भय असतं. म्हणून खालची कोरडी वाट पहाटेच धरा आणि बर्फाचा पट्टा दुपारच्या आत ओलांडा. चपला नकोत, खाचदार तळव्याचे बूट घ्या. हातात लोखंडी टोकाची काठी असू द्या. सुती कपडा भिजला की अंग गारठतं. लोकर भिजली तरी ऊब धरते. आपलं घोंगडं काय कामाचं आहे, ते तिथे कळतं. बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजतं, तेव्हा काळा चष्मा हवाच.

आता मुख्य गोष्ट. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. अंगातली ताकद इथे उपयोगी पडत नाही. आमच्या मंडळींत पंचेचाळिशीचा एक गडी होता, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा. तो सगळ्यांच्या पुढे धावला. लिंचोलीला पोचलो तर हा डोकं धरून बसलेला, उलट्या चाललेल्या. ‘साहेब, देवाच्या दारातून माघारी कसा फिरू?’ म्हणाला. त्याला दोघांनी धरून भीमबलीपर्यंत खाली आणला. तासा-दोन तासांत डोकं उतरलं. त्याच दिवशी पासष्टीची एक आजी, पंढरीच्या वारीची सवय असलेली, दहा पावलांवर थांबत, गरम पाणी पीत संध्याकाळपूर्वी वर पोचली.

तेव्हा घाई करू नका. वर जाण्याआधी गुप्तकाशीच्या बाजूला एखादी रात्र काढा, शरीराला हवेची सवय होऊ द्या. दमा, रक्तदाब, मधुमेह असेल तर घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. तिच्यात आजार लपवू नका. डोकं ठणकलं, मळमळलं, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता, सोबत घेऊन खाली उतरा. जमलं तर दारं उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जा; बर्फ बराच ओसरलेला असतो. मात्र पावसाळा लागण्याआधी परता.

तो गडी गावी आल्यावर परळीला जाऊन आला. त्या वर्षीची पेरणी त्याने स्वतःच्या हाताने केली. मंडळींनो, माघारी फिरण्यात पाप नाही. मृगाला तिफणीमागे आपला माणूस हवा असतो.