कुवेतच्या रस्त्यांवरील आपली माणसे

कुवेत हे नाव आपल्या घरांत आता परके राहिलेले नाही. गोव्यात काय किंवा बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात काय, ज्या वाड्यातील एखादा मुलगा, जावई वा भाचा आखाताच्या काठी नोकरीस नाही असा वाडा विरळाच. त्यांच्याकडून घरी वार्ता येते ती पगाराची, उन्हाची आणि सुट्टीची. रस्त्याची वार्ता क्वचितच येते. तरीही आपल्या कितीतरी मुलांचा दिवस तेथे रस्त्यावरच जातो. कोणी अरब कुटुंबाचा घरचा चालक आहे, कोणी कंपनीची मालगाडी हाकतो, कोणी तयार जेवणाची पाकिटे घरोघर पोहोचवितो, आणि ज्याचे काम कचेरीत आहे त्यालाही कामावर जाण्यास मोटारीवाचून गत्यंतर नसते. गेल्या हिवाळ्यात काही दिवस त्या मुलांच्या सहवासात राहण्याचा योग आला. जे पाहिले व ऐकले त्यांतील रस्त्याची हकीकत घरच्या मंडळींसाठी येथे मांडतो, कारण तिचा घराशी असलेला संबंध वाटतो त्याहून फार निकट आहे.

कुवेत शहर एके काळी मातीच्या तटात वसलेले एक लहानसे बंदर होते. मोती काढणारे पाणबुडे आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी व्यापार करणारी गलबते यांवर त्याचा चरितार्थ चाले. १९४६ साली तेलाचे पहिले जहाज तेथून बाहेर पडले आणि पुढील दहा-बारा वर्षांत गावाचे रूपच पालटले. १९५७ साली जुना तट पाडण्यात आला. त्याच्या वेशी तेवढ्या आठवणीदाखल ठेवल्या आणि तटाच्या रेषेवरून पहिला वर्तुळमार्ग गेला. त्यानंतर तळ्यात खडा टाकल्यावर एकामागून एक तरंग उठावेत तसे दुसरा, तिसरा, चौथा असे सात वर्तुळमार्ग शहराभोवती उमटले. आज कोणी पत्ता सांगतो तो या वर्तुळांच्या आधारेच. आपण जसे 'ओहोळापलीकडे' किंवा 'टेकडीच्या पायथ्याशी' म्हणतो, तसे तेथे 'पाचव्या वर्तुळाच्या आत' म्हणतात.

त्या काळचा आणखी एक दुवा सांगितला पाहिजे. १९६१ सालापर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपयाच चालत असे. शेवटची दोन वर्षे आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापून दिला होता. १९६१ च्या एप्रिलमध्ये दिनार आला आणि रुपया मागे पडला. आज एका दिनारास अडीचशे रुपयांहून बरेच अधिक मोजावे लागतात. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण दंडाचा आकडा दिनारात लहान दिसतो आणि रुपयांत तो घर हादरवितो.

आपल्या मुलास तेथील रस्त्यावर पहिली अडचण पडते ती दिशेची. आपण डाव्या बाजूने जातो, तेथे सारी वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि सुकाणूचे चाक गाडीच्या डाव्या अंगास असते. वीस वर्षांची हाताची सवय मोडावी लागते. पायी रस्ता ओलांडणारानेही प्रथम डावीकडे पाहावे लागते, आणि नवखा मनुष्य नेमका उजवीकडे पाहतो.

दुसरी गंमत अंकांची. तेथील पाट्यांवर आणि गाड्यांच्या क्रमांकांत अरबी अंक असतात. त्यांस अरब लोक स्वतः 'हिंदी अंक' म्हणतात, कारण ही विद्या आपल्याकडून गेली हे ते विसरलेले नाहीत. दोन आणि तीन हे अंक आपल्या देवनागरी अंकांशी इतके मिळतेजुळते आहेत की गावचा माणूस पाहताच ओळखतो. पण तेथील पाच म्हणजे हुबेहूब आपले शून्य, आणि त्यांचे शून्य म्हणजे केवळ एक टिंब! ओळखीचा चेहरा पाहून हात पुढे करावा आणि तो भलताच कोणी निघावा, तसे हे आहे. सुदैवाने पाट्यांवर शेजारी इंग्रजी अंकही लिहिलेले असतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. कुवेतचा वाहतुकीचा मूळ कायदा १९७६ सालचा. जवळजवळ अर्धशतक त्यातील दंड जुन्याच मानाने चालत आले होते. गाडी चालविताना हातात मोबाईल धरल्यास पाच दिनार, कमरपट्टा न बांधल्यास दहा, तांबडा दिवा ओलांडल्यास पन्नास. चांगल्या पगाराच्या मनुष्यास पाच दिनारांची क्षिती वाटत नसे. २२ एप्रिल २०२५ पासून नवी दुरुस्ती अंमलात आली आणि आकडे एकदम चढले. मोबाईलसाठी पंच्याहत्तर दिनार, पट्ट्यासाठी तीस, तांबड्या दिव्यासाठी दीडशे, अपंगांसाठी राखलेल्या जागी गाडी उभी केल्यास तेथेही दीडशे. ही तडजोडीची रक्कम झाली. प्रकरण न्यायालयात गेले तर दंड त्याहून मोठा आणि कैदेची शिक्षाही संभवते. मोबाईलवर 'आई, पोहोचलो' एवढे दोन शब्द बोलल्याची किंमत आता वीस हजार रुपयांहून अधिक पडते, असे मी घरच्या मातांना मुद्दाम सांगतो. मुलगा गाडीवर असताना फोन करू नये, आणि त्याने तो उचलला नाही तर राग मानू नये.

हा दंड हाती कसा येतो तेही समजून घ्यावे. गावच्या नाक्यावर पोलीस शिटी वाजवितो, गाडी थांबते, चार शब्द होतात आणि पावती फाडली जाते. तेथे पोलीस थांबवितो तेव्हा गोष्ट डोळ्यांसमोर घडते. पण बहुतेक दंड खांबावरील कॅमेरा करतो. तो ना शिटी वाजवितो ना हात दाखवितो. मनुष्य आपल्या वाटेने निघून जातो आणि दंड गाडीच्या क्रमांकावर मुकाट्याने चढून बसतो. त्याची माहिती गृहखात्याच्या संकेतस्थळावर आणि 'सहेल' या सरकारी अ‍ॅपवर, आपल्या नागरी ओळखपत्राचा क्रमांक घालून पाहता येते आणि तेथेच भरणाही करता येतो. जो पाहत नाही त्यास कळत नाही, आणि कळले नाही म्हणून दंड टळत नाही.

पूर्वी पुष्कळ लोक असा हिशेब करीत की गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण येईल तेव्हा एकदम भरू. काहीजण तर करार संपताच तसेच मायदेशी निघून येत. ही वाट १९ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाली. त्या दिवसापासून परकीयाने देश सोडण्यापूर्वी, मग तो कायमचा जात असो वा महिनाभराच्या सुट्टीवर, वाहतुकीचे दंड चुकते केलेच पाहिजेत. त्यापाठोपाठ वीज-पाण्याची आणि टेलिफोनची थकबाकीही या नियमाखाली आली. विमानतळावर आणि सरहद्दीच्या नाक्यांवर पैसे भरण्याची सोय आहे हे खरे. पण सोय असणे निराळे आणि मध्यरात्री खिशात पैसे असणे निराळे.

खानापूर तालुक्यातील एका तरुणाची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली. एका खोलीत सहाजण राहत. त्याने जुनी मोटार घेतली होती आणि खोलीतील सोबत्यांना तो ती मोकळ्या मनाने वापरू देई. त्यांतील एकाने दोनदा तांबडा दिवा ओलांडला. त्यानेही ते सांगितले नाही आणि थोड्याच दिवसांत नोकरी बदलून तो दुसऱ्या देशी गेला. पुढे घरून निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. तरुणाने धन्याची रजा मिळविली, होते नव्हते ते पैसे तिकिटात घातले आणि विमानतळ गाठला. तेथे खिडकीवर त्यास कळले की त्याच्या नावे तीनशे दिनार येणे आहे. रुपयांत सांगायचे तर ऐंशी हजारांच्या वर. सोबत्यांनी वर्गणी काढून पैसे जमविले तोवर विमान गेले होते. दुसरे तिकीट मिळून तो गावी पोहोचला तेव्हा आईस माती देऊन दोन दिवस झाले होते.

मी त्यास विचारले, "बाळा, त्या सोबत्याचा राग येतो का?"

तो म्हणाला, "फादर, त्याला दोष देऊन आता काय होणार? आठ महिने मी एकदाही पाहिले नव्हते. पाहिले असते तर तेव्हाच थोडे थोडे साठवून भरले असते. आणि आईला भेटलो असतो."

या उत्तरात सारा उपदेश आला आहे. माझ्याकडून त्यात घालण्यासारखे थोडेच आहे, पण तेथील जाणत्या मंडळींनी सांगितलेल्या चार गोष्टी लिहून ठेवतो.

महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, आपल्या नावावर काय आहे ते पाहावे. घरी पैसे पाठविण्यापूर्वी पाहावे, म्हणजे हिशेब खरा राहतो. दंड भरला की त्याची पावती जपून ठेवावी. गाडी दुसऱ्यास देणे म्हणजे आपले नाव दुसऱ्यास देणे होय, हे ओळखून द्यावी. गाडी विकली तर केवळ किल्ली आणि पैसे यांची अदलाबदल करून थांबू नये. सरकारी दप्तरी नाव बदलेपर्यंत तिचे प्रत्येक पाप जुन्या मालकाच्याच खाती पडते. कंपनीची गाडी असेल तर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी ती आपल्या हाती होती याची टिपणवही ठेवावी. दंड कोणाचा यावरून पुढे वाद झाला तर चार ओळींची ती वही साक्षीदाराचे काम करते. दंड चुकीने लागला असे वाटल्यास वाहतूक खात्याच्या कचेरीत जाऊन आक्षेप मांडता येतो. परंतु तो पुराव्यानिशी आणि वेळीच मांडावा, विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे.

एका नव्या ठकबाजीविषयीही सावध केले पाहिजे. 'तुमचा दंड थकला आहे, येथे बोट लावून ताबडतोब भरा' असे संदेश मोबाईलवर येतात. दिसण्यात ते सरकारी वाटतात आणि बोट लावताच बँकेतील शिल्लक नाहीशी होते. तेथील गृहखात्याने याबाबत लोकांस वारंवार इशारे दिले आहेत. भय आणि घाई ही ठकाची दोन हत्यारे. दंड पाहायचा तो आपण होऊन, सरकारी ठिकाणी जाऊन पाहावा. दुसऱ्याने पाठविलेल्या वाटेने जाऊ नये.

परवान्याची गोष्ट सर्वांत गंभीर. परकीयास तेथे परवाना सहजी मिळत नाही, आणि मिळालेला परवाना त्याच्या वास्तव्याशी व व्यवसायाशी बांधलेला असतो. परवान्यावाचून गाडी चालविताना सापडलेल्यांस दंड घेऊन सोडून दिले जाईलच असे नाही. अनेकांची थेट मायदेशी रवानगी झालेली आहे. आपला गावचा परवाना खिशात आहे एवढ्यावर विसंबून 'जवळच तर जायचे आहे' म्हणत चाक हाती घेणारा तरुण एका फेरीवर सबंध संसाराची पुंजी लावीत असतो.

हे सारे वाचून कोणास वाटेल की तो देश परकीयांस छळतो. असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. वाढलेले दंड तेथील नागरिकांसही तेच आहेत. ज्या रुंद रस्त्यांवर गाड्या वाऱ्यासारख्या धावतात, तेथे तांबडा दिवा न पाळणे म्हणजे कोणाच्या तरी मुलावर मृत्यू सोडणे आहे. फरक एवढाच की नागरिकास चूक झाल्यावर चुलते, मामा, शेजारी असतात. परकीयास चुकीच्या वेळी कोणी नसते. म्हणून त्याला सावधपण अधिक बाळगावे लागते. आपल्याकडे सासुरवाशिणीस आई सांगते की त्या घरची रीत आधी पाहा आणि मग बोल. परदेशी जाणाऱ्या मुलासही हेच सांगणे योग्य.

शुक्रवारी तेथे सुट्टी असते आणि आपली मंडळी मिस्सेसाठी शहरातील पवित्र कुटुंबाच्या कॅथीड्रलकडे लोटतात. कोकणी, मल्याळी, तमीळ, इंग्रजी, फिलिपिनो, किती भाषा त्या एका आवारात ऐकू येतात! उपासनेची वेळ गाठण्याच्या घाईत मिळेल तेथे गाडी उभी करण्याचा मोह होतोच. एका वयस्क गोवेकर गृहस्थांनी त्यावर साधा उपाय सांगितला. ते घरून अर्धा तास लवकर निघतात, गाडी दूर लावतात आणि उरलेली वाट चालतात. "चालताना जपमाळ पुरी होते आणि दंडाचे पैसे नातवाला जातात," असे ते हसून म्हणाले.

घरच्या मंडळींकडे शेवटचे एक मागणे आहे. मुलगा सुट्टीवर येण्याची तारीख कळवील तेव्हा पेढे, परसबाग आणि सोयरिकी यांच्या गोष्टी अवश्य बोला, पण त्याबरोबर एक प्रश्न विचारा: "गाडीचे सारे चुकते केलेस ना?" हा प्रश्न विचारायला एक क्षण लागतो. तो निघण्याच्या दोन महिने आधी विचारला तर थोडे थोडे बाजूला टाकून कोणताही दंड भरता येतो, आणि दाराशी उभ्या असलेल्या आईला वाट पाहावी लागत नाही.