हरवणारा गेम

गेम बनवणं हा माझा धंदा, त्यामुळे "एखादा चांगला गेम सांगा ना" हे रोजचंच. मी बहुधा 'एफटीएल: फास्टर दॅन लाइट' सांगतो. चार दिवसांनी तक्रार येते, "अहो, हा जिंकूच देत नाही!" खरंय. म्हणून तर सांगतो.

जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांचा हा गेम सप्टेंबर 2012 मध्ये आला. किकस्टार्टरवर त्यांनी 10,000 डॉलर मागितले होते, लोकांनी दोन लाखांवर दिले. वरून दिसणारा अंतराळयानाचा नकाशा, साधी चित्रं. यान उडवायचं नाही, सांभाळायचं. पुढे 8 सेक्टर, पाठीमागे बंडखोरांचा ताफा, आणि वीज कायम अपुरी. ढालीला दिली की तोफा थंड.

पहिल्या 'केस्ट्रेल' यानावर माणसं तीन. क्षेपणास्त्र ढाल भेदून थेट प्राणवायूच्या खोलीवर पडतं, आग लागते. माणूस आत पाठवला तर भाजतो. मग बाहेरच्या दारापासून त्या खोलीपर्यंतची सगळी दारं उघडायची. हवा निघून जाते, आग गुदमरून विझते. दारं लावायची, पण खोलीत आता श्वास घ्यायला काही नाही आणि दुरुस्तीला तर कुणीतरी जायलाच हवं. दवाखान्याला वीज द्यायची तर एक तोफ बंद पडते. हे सगळं ठरवायला स्पेसबार आहे. तो दाबला की युद्ध थांबतं, हवा तेवढा विचार करा. हरलात तर घाई झाली म्हणायची सोय नाही. आणि मेलेलं यान परत मिळत नाही.

म्हैसुरात राहून हा धंदा करायचा तर इथले जुने राजे मुम्मडी कृष्णराज वाडियार टळत नाहीत. 1831 मध्ये इंग्रजांनी कारभार काढून घेतला, राजांनी पटांवर राज्य केलं. बुद्धिबळाचा घोडा 64 घरांतून फिरवण्याच्या वाटा शोधल्या, नवे खेळ रचले, 'श्रीतत्त्वनिधी'त खेळांना 'कौतुकनिधी' हा वेगळा भाग दिला. जगनमोहन राजवाड्याच्या भिंतींवर खेळांचे पट रंगवलेले आहेत. तिथे उभं राहिलं की आमच्या कामातली एक गोष्ट लख्ख दिसते: पटावर काहीच लपवलेलं नाही, तरी वाट सापडत नाही. हल्लीचे बरेचसे मोबाइल गेम नेमकं उलटं करतात, अडवतात आणि मग सुटका विकतात. एफटीएलमध्ये प्रत्येक खोली, प्रत्येक दार, विजेची प्रत्येक पट्टी समोर असते. कर्ते बोर्डगेमचे शौकीन, ते कळतंच.

खोट आहे. एखाद्या फेरीत वाटेतल्या दुकानांत कामाचं शस्त्र मिळतच नाही. शेवटचं बंडखोर यान तीन टप्प्यांत लढतं आणि तोवर जमलेले बरेच डावपेच तिथे कुचकामी ठरतात. मी असा शेवट केला नसता.

फोनवर शोधू नका, मिळणार नाही. साध्या लॅपटॉपवर चालतो, आयपॅडवरही आहे. 'इझी'वर सुरू करा, त्यात लाज नाही. पहिलं भंगार, म्हणजे या गेममधलं चलन, ढालीच्या दुसऱ्या थरावर घाला, आणि आग दिसली की आधी स्पेसबार.