लोकरीच्या दुकानातील बाक

माझ्या एका रुग्णाविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती मला प्रयोगशाळेच्या अहवालातून मिळाली नाही. ती लोकरीच्या दुकानदाराने दिली. ती मिळाली तेव्हा उशीर झाला होता आणि त्या उशिरात दुकानदारापेक्षा माझा वाटा मोठा होता. ती हकीगत आज सांगते. कुटुंबीयांची संमती घेतली आहे, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

साताऱ्याच्या जुन्या पेठेत दहा बाय बाराचे एक दुकान आहे. भिंतीवर छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंगांनुसार लावलेले लोकरीचे गुंडे, काचेच्या बरणीत क्रोशाच्या सुया, आणि दाराशी एक लाकडी बाक. नवरात्र सरले की गर्दी सुरू होते ती संक्रांतीपर्यंत टिकते. एरवी दुपारी बाकावर दोन-तीन बायका विणत बसलेल्या असतात. त्या काही विकत घेतीलच असे नाही. दुकानमालकांना सगळे काका म्हणतात, आणि आत भरतकामाचे धागे सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीला काकू.

मी तिथे प्रथम गेले त्याला आता सत्तावीस वर्षे होतील. मला सातवा महिना होता. बाळासाठी स्वेटर विणायचा म्हणून फिकट पिवळी लोकर मागितली. काकांनी फळीकडे हात नेला नाही. त्यांनी विचारले, "दिवस कधीचे आहेत?" मी एप्रिल सांगितला. "मग थंडी येईल तेव्हा बाळ सात-आठ महिन्यांचं असेल. नवजात मापाचा स्वेटर कशाला विणता? वर्षाच्या मापाचा विणा. आत्ता फक्त एक टोपडं आणि मोजे करा, तेही सुती धाग्याचे." मी मागितले होते त्यापेक्षा कमी सामान देऊन त्यांनी मला परत पाठवले. रुग्णाला आधी नीट विचारावे, औषध नंतर लिहावे, हे वैद्यकीय महाविद्यालयात मला वर्षानुवर्षे शिकवले गेले होते. पण ते इतक्या सहजपणे करणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

विणकाम न करणाऱ्या वाचकांना या दुकानातील एक व्यवहार समजावून सांगायला हवा. एकाच रंगाची लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवली की छटेत किंचित फरक पडतो. गुंडा हातात असताना तो दिसत नाही. स्वेटर पूर्ण झाल्यावर पाठीवर आडवा पट्टा उमटतो. म्हणून गुंड्याच्या कागदावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो आणि लागणारी सगळी लोकर एकाच लॉटची घ्यावी लागते. आता, नेमकी किती लागेल हे कोणाला ठाऊक? कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. काका अंदाजाने दोन गुंडे अधिक काढतात, पिशवीवर गिऱ्हाइकाचे नाव लिहून माळ्यावर ठेवतात, पैसे घेत नाहीत. लागले तर न्यावेत. नेलेले उरले तर परत आणावेत, पैसे परत मिळतात. कोणाचा हात कसा, हे त्यांना पाठ असते. माझा हात घट्ट आहे. मला ते दहा नंबरऐवजी नऊ नंबरची सुई देतात. (या सुयांचे गणित उलटे असते: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक.)

काकांना मी संत ठरवत नाही. ते पक्के व्यापारी आहेत, उधारी विसरत नाहीत, आणि तंबाखूबाबत माझे शब्द वीस वर्षे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

त्या बाकावर बसणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. आपण त्यांना बाई म्हणू. सगळे तेच म्हणतात. वय बहात्तर. गावातल्या कितीतरी बाळंतिणींना त्यांच्या हातची कुंची आणि मोजे गेले आहेत. मोज्याची टाच वळवणे हे विणकामातले अवघड काम. ओळ पुरी न विणता मधूनच परतायचे, दोन टाके एकत्र घेत जायचे, आणि मोजणी चुकू द्यायची नाही. बाईंनी ती टाच दुकानातल्या निम्म्या बायकांना शिकवली होती. काकूंनाही त्यांनीच शिकवली होती.

याच बाई दर महिन्याला माझ्याकडे रक्तदाब आणि मधुमेहासाठी यायच्या. नीटनेटकी साडी, गोळ्यांची नावे तोंडपाठ, जाताना एखादा शालेय विनोद. त्यांच्या कागदावर मी ओळीने 'प्रकृती समाधानकारक' असे लिहीत गेले.

डिसेंबरातील एका दुपारी काका दवाखान्यात आले. रांगेत बसले, आपला नंबर आल्यावर आत आले. मला वाटले, खोकला असेल. त्यांनी कागदी पिशवीतून बाळाचे चार मोजे काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले. चारही टाचेपाशी थांबलेले होते. एकाला टाचेच्या जागी नुसतीच नळी पुढे गेली होती, एकाला भलतीकडेच पिशवी आली होती.

"बाईंचे आहेत," ते म्हणाले. "तुम्ही त्यांचं बीपी बघता, म्हणून आलो."

"हे कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. गेल्याच्या गेल्या गणपतीच्या सुमारास पहिला चुकला. आमची ही रात्री उसवायची आणि नीट विणून ठेवायची. सकाळी बाई आल्या की आम्ही पिशवी हातात द्यायचो. त्यांना कळायचं नाही. कळत असेल तर त्या बोलायच्या नाहीत. कसं सांगणार डॉक्टर? त्यांनीच हिला शिकवलेलं. पण काल मोजा हातात धरून त्यांनी मला विचारलं, 'काका, याला पुढे काय असतं?'"

मी काही वेळ त्या मोज्यांकडेच पाहत राहिले. ज्या दीड वर्षात मी 'समाधानकारक' लिहीत होते, त्याच दीड वर्षात काकू रात्री टाचा उसवत होत्या. मला बाई महिन्यातून सात-आठ मिनिटे दिसत, त्याही तयारीने आलेल्या. डॉक्टरसमोर माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो, आणि बाईंनी तर उभे आयुष्य परीक्षा घेण्यात घालवले होते. दुकानातल्या बाकावर अशी तयारी करून कोणी जात नाही. तिथे हात काम करत असतात, आणि हातांना काही लपवता येत नाही.

बाईंना मुलासह बोलावून घेतले. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीने आले. त्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आमच्याकडचं घड्याळ तसंही बंदच आहे हो." अशा हजरजबाबीपणामागेच आजार दीड वर्ष दडून राहिला होता. रक्त तपासले. ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. बाई शाकाहारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षे चालू. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते, हे मला माहीत होते. ते औषध मीच लिहीत होते आणि ही तपासणी मीच केली नव्हती.

इंजेक्शने सुरू केली. दोन महिने आम्हा सर्वांना आशा वाटली. बाई तरतरीत दिसू लागल्या, चालणे सुधारले. टाच मात्र परतली नाही. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय आणि सविस्तर चाचण्यांनंतर अल्झायमर प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे निदान केले.

दीड वर्ष आधी कळले असते तर आजार थांबला असता का? नाही. बाईंना जी औषधे सुरू केली ती काही काळ आधार देतात, आजार पुसून टाकत नाहीत. परंतु त्या दीड वर्षात घरात काय चालले होते ते मुलाने नंतर मला सांगितले. गॅस चालू राहिला म्हणून तो आईवर ओरडला होता. सुनेने पेन्शनच्या पैशांचा हिशेब लागेना म्हणून अबोला धरला होता. हा हट्ट आहे, दुर्लक्ष आहे, मुद्दाम केलेले आहे, असे दोघांनाही वाटत होते. निदान ऐकल्यावर तो माझ्यासमोर रडला तो आजारामुळे नाही, त्या ओरडण्यामुळे.

तुमच्या घरी वडीलधारी माणसे असतील तर एवढे ध्यानात ठेवा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे, आणि जन्मभर केलेल्या कामाचा क्रम हरवणे निराळे. पुरणपोळी करणाऱ्या हाताला कणीक आधी की पुरण आधी असा प्रश्न पडू लागला, रोज पेटी वाजवणारा सराईत सुरावटीत अडू लागला, तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जे पाहिले ते त्यांच्यासमोर, पण सन्मानाने सांगा. प्रत्येक वेळी तो स्मृतिभ्रंशच असतो असे नाही. थायरॉईड, ब-१२ची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही असे होते आणि त्यांतले बरेचसे सुधारता येते. आणि तुमचे वडील ज्या दुकानात रीळ, रंग, माशांचे खाद्य किंवा तबल्याला शाई लावून घ्यायला जातात, त्या दुकानदाराचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या.

निदानानंतर मुलाने बाईंचे दुकानात जाणे बंद केले. रस्ता, वाहने, हरवण्याची भीती. त्याचे चुकत होते असे म्हणता येणार नाही. दहा दिवसांत बाईंनी जेवण कमी केले. मग काका आपणहून त्यांच्या घरी गेले. आता रोज चार वाजता नातू आजीला बाकापर्यंत सोडतो, सहा वाजता घेऊन जातो. टाच, बाही, गळा हे सगळे विषय काकांनी बंद केले आहेत. ते बाईंना आठ नंबरच्या जाड सुया आणि तीस टाके घालून देतात. नुसते सुलट, मग परत सुलट. चौकोन होतो. बाई रोज पोपटी रंगाचे दोन गुंडे विकत घेतात, कारण काल घेतले होते हे त्यांना आठवत नाही. काका पैसे घेतात, पावती देतात. शनिवारी सून गुंडे परत आणते आणि पैसे घेऊन जाते. उरलेली लोकर परत घेण्याचा दुकानाचा नियम जुनाच आहे, असे काका म्हणतात.

ही बाईंची फसवणूक आहे का, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. पैसे मोजून देताना त्यांच्या चेहऱ्यावर जो गिऱ्हाइकाचा रुबाब असतो तो पाहिला की मी तो प्रश्न तिथेच ठेवते.

काका मला बाईंच्या आजाराबद्दल कधी विचारत नाहीत, आणि मी सांगू शकत नाही हे त्यांना कळते. उलट मीच विचारते, "बाई कशा आहेत?" ते म्हणतात, "आज तीन ओळी झाल्या."

गेल्या आठवड्यात मी तिथे गेले होते. आता माझ्या लेकीला सातवा महिना आहे. काकांनी महिना विचारला, हिशेब केला, आणि लोकर काढली. बाकावर बाईंशेजारी बसून मी टोपड्याची बॉर्डर सुरू केली. एक सुलट, एक उलट. बाईंनी मला ओळखले नाही. थोड्या वेळाने त्यांचे लक्ष माझ्या सुयांकडे गेले. त्यांनी हात पुढे करून चार ओळी खाली एका जागी बोट ठेवले.

"इथे टाका सुटलाय," त्या म्हणाल्या. "उसवा."

मी पाहिले. टाका सुटला होता.