निम्मा, पाव, अदपाव, छटाक...

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळीच गावाकडून पुतण्याचा फोन आला. "तात्या, कालवड माजावर आलीया. पहाटंपास्नं हंबरतीया. काय भरू?"

मंडळी, प्रश्न साधाच, पण मी दोन मिनिटं गप्प बसलो. कारण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी आमच्याच गोठ्यात विचारला गेला होता आणि तेव्हा उत्तर मी दिलं होतं.

आमचं गाव माणदेशातलं. हा सगळा मुलूख खिल्लारचा. पांढरीशुभ्र अंगकांती, मागे वळलेली लांब शिंगं, लहानसं वशिंड. अण्णांची चंद्री तशीच होती. १९७२च्या दुष्काळात अण्णांनी तिला छावणीत नेऊन जगवलं. दूध म्हणाल तर वासरू पाजून जेमतेम दीड-दोन लिटर. पण तिचे खोंड नांगराला असे चालत की लोक बांधावर थांबून बघत.

१९७६ साली मी नुकताच बी.ए. होऊन शाळेत लागलो होतो. संकरित गाईंचा तेव्हा बोलबाला होता. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू केली होती, तिथल्या कामाबद्दल मी वर्तमानपत्रांतून वाचत असे. चंद्री माजावर आली तेव्हा मी अण्णांना जर्सीचं रेत भरायचा आग्रह केला. अण्णा एवढंच म्हणाले, "तू शिकलेला हाईस. कर तुला वाटतंय ते." कृत्रिम रेतन करणारा माणूस सायकलवरून आला आणि पाच मिनिटांत काम करून गेला.

नऊ महिने आणि वर आठ-दहा दिवसांनी लाली झाली. तांबूस, वशिंड जवळजवळ नाहीच. पुढे तिने दिवसाला आठ लिटर दूध दिलं. त्या दुधावर बहिणीचं लग्न झालं, धाकट्याचं शिक्षण झालं. हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. पण चंद्रीचं ते शेवटचं वेत. खिल्लारची कालवड मागे राहिली नाही. लालीचा पहिला खोंड भर उन्हात औताला धापा टाकू लागला, त्याला विकावं लागलं. दुसरं वासरू गोचीड तापाने गेलं. हा ताप संकरित जनावरांना देशीपेक्षा जास्त बाधतो, हे मी फार उशिरा वाचलं. अण्णा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. रिकाम्या दावणीकडे बघत मात्र बसत.

पुढे भावाने संकरित वळूंचंच रेत वापरून विदेशी रक्त साधारण निम्म्यावर ठेवलं. आता पुतण्याच्या डोक्यात आलंय की घरात पुन्हा खिल्लार हवी. त्याने पहिल्यांदा खिल्लार वळू दाखवला, त्याचीच ही कालवड.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. आमच्या लहानपणीच्या शेराच्या मापांत तो चपखल बसतो! गाईत परकं रक्त निम्मं. खिल्लारचा वळू दाखवला की वासरात पाव. त्या कालवडीला पुन्हा खिल्लार, की अदपाव. मग छटाक. अर्थात ही सरासरी, एखाद्या वासरात थोडं कमी, एखाद्यात थोडं जास्त. पण प्रत्येक पायरीला चार-पाच वर्षं लागतात, कारण खिल्लार कालवड सावकाश वयात येते. मी पाच मिनिटांत केलेलं निस्तरायला पुतण्याची वीसेक वर्षं जाणार.

एक गोष्ट मात्र वाचून मला बरं वाटलं. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. ही कालवड लेकीच्या लेकीच्या वाटेने थेट चंद्रीपर्यंत पोचते. म्हणजे जर्सीची कितीही रेतं भरली तरी चंद्रीचा तेवढा वारसा तसाच उतरत आलाय. ब्राझीलमध्ये याच्या उलट घडलं. आपल्या आंध्रातल्या ओंगोल गाईंपासून तिकडे 'नेलोर' जात वाढली. पण नेलेली जनावरं थोडी, म्हणून तिथल्या युरोपी वंशाच्या गाईंना पिढ्यान् पिढ्या भारतीय वळू दाखवले गेले. त्यामुळे दिसायला अस्सल वशिंडवाल्या असलेल्या पुष्कळ नेलोर गाईंचा तंतुकणिकांचा डीएनए आजही युरोपी निघतो. बाहेरून आईची खूण पुसली, आतून नाही.

असो. पुतण्याला मी विचारलं, "वळू कुठला बघितलास?" म्हणाला, "शेजारचाच. मागच्या बारीचा. लई देखणा हाय."

म्हणजे कालवडीचा बापच! मी त्याला बजावलं, बाप-लेकीचं वासरू झालं तर दोन्हीकडून तेच जनुक येण्याची शक्यता पंचवीस टक्के. लपलेले दोष वर येतात, वासरं अशक्त निघतात, पुढे गाभ धरायला त्रास होतो. शिवाय गावभर फिरणाऱ्या वळूकडून गर्भपाताचे रोगही येऊ शकतात. त्यापेक्षा दवाखान्यातून दुसऱ्या खिल्लार वळूची कांडी मागव, वळूचा नंबर वहीत लिहून ठेव. पहाटे माज दिसलाय, तर संध्याकाळी भर.

"तात्या, म्हंजे कांडी खिल्लारचीच ना?" त्याने पुन्हा विचारलं.

"खिल्लारचीच," मी म्हटलं. "पण दुधाचं नुकसान तुझं होणार आहे, माझं नाही. तेव्हा बायकोला विचार, मग ठरव."

अण्णांना १९७६ साली मी असं काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. भरली. आता तीन महिन्यांनी तपासणी. गाभ राहिला तर इथे कळवीनच. छटाकेपर्यंत मी असेन-नसेन, अदपाव मात्र बघायची इच्छा आहे.