तळणाचं तेल

आमच्या घरी तेलाची उतरंड ठरलेली होती. घाण्यावरून आलेलं करडईचं ताजं तेल पहिल्यांदा देवापुढच्या समईत जाई, मग फोडणीला आणि सणावाराला कढईत. कढईतलं तेल निवलं की आजी ते फडक्यातून गाळून वेगळ्या बरणीत ठेवायची. ते देवाला चालत नसे, आणि दुसऱ्यांदा तळणालाही ती ते घेत नसे. चार दिवसांत पिठल्याच्या, आमटीच्या फोडणीत ते संपवायचं. तरीही तळाशी काळपट काही उरलंच तर ते बैलगाडीच्या आसाला, रहाटाच्या चाकाला, दिंडीदरवाजाच्या बिजागरांना. तेल फेकून द्यायची पाळी आमच्या घरात कधी आलेली मला आठवत नाही.

बार्शीच्या त्या पट्ट्यात ज्वारीच्या रानाला कडेने करडईच्या ओळी असत. तिच्या काट्यांमुळे जनावरं पिकात शिरायला धजत नसत आणि वर्षाचं तेलही घरचं होई. कष्टाचं तेल, त्यामुळे हात आखडून वापरलं जायचं. मग रेशनवर पामतेल आलं. पामतेलाने गरिबाच्या घरी पुरी-भजी आणली, आणि त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच वर्षांत जुनं तेल जिरवणाऱ्या जागा एकेक करून नाहीशा झाल्या. गाडीला रबरी टायर आले, बेअरिंगला डब्यातलं ग्रीस लागू लागलं, रहाट गेले. कढईत तेल वाढलं आणि कढईतून उतरलेल्या तेलाला जायला ठिकाण उरलं नाही. मग ते मोरीत ओतलं जाऊ लागलं, नाहीतर पुन्हा कढईत. माझ्या आयुष्यात घडलेल्या बदलांपैकी हा मला फार मोठा वाटतो, आणि त्याची नोंद कुणी घेतल्याचं दिसत नाही.

आमच्या विहिरीवर तोवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन आलं होतं. पहाटे वडील हँडल मारायचे, दोन-चार काळे भपके निघायचे आणि मग त्या संथ ठोक्यांवर सगळा दिवस चालायचा. टंचाईच्या दिवसांत डिझेलसाठी कॅन घेऊन रांगा लागत. शेजारच्या मळ्यातल्या तात्यांनी तेव्हा टाकीत करंजाचं तेल मिसळून पाहिलं होतं. इंजिन चाललं, काही दिवस चांगलं चाललं, आणि मग नोझलवर काजळीचा थर बसून बंद पडलं. मेकॅनिकने नोझल काढून दाखवलं तेव्हा मी तिथे उभा होतो. "तेल पेटतंय, पण बारीक फवारा होत नाही," तो म्हणाला. कारण त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. मला ते वर्गात शिकायला पुढे बरीच वर्षं लागली. खाद्यतेलाचा दाटपणा डिझेलच्या दहापट असतो. इंजिनला हवं असतं धुक्याइतकं बारीक तुषारणं, आणि एवढं दाट तेल थेंबांनी पडतं.

पण इंजिनचं आणि तेलाचं नातं तात्यांच्या प्रयोगाहून फार जुनं आहे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. इंजिनात काहीही फेरबदल केला नव्हता, आणि ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांना त्यातलं वेगळेपण कळलं, असं रुडॉल्फ डिझेलने पुढे नमूद केलं आहे. कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, तेव्हा तिथल्या तेलावर तिथलीच यंत्रं चालावीत, हा हिशेब. 10 ऑगस्टला जैवइंधन दिन साजरा होतो, आणि 1893 च्या त्या दिवशी ऑग्सबर्गला डिझेलचं इंजिन शेंगतेलावर चाललं असं भाषणांतून ठोकून दिलं जातं. त्या दिवशी त्या इंजिनाची पहिली चाचणी झाली, एवढंच खरं. शेंगतेल सात वर्षांनी आलं. मी रसायनशास्त्र शिकवत असे तेव्हा हे मुलांना आवर्जून सांगायचो. भुईमुगाच्या पट्ट्यातल्या मुलांना ही गोष्ट नीट माहीत असावी, असं मला मनापासून वाटे.

दाट तेल पातळ कसं करायचं, याचं उत्तर साध्या अभिक्रियेत आहे. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या अडकलेल्या असतात. मिथेनॉलचे तीन रेणू येतात, कॉस्टिक सोड्याच्या मदतीने एकेक साखळी सोडवून घेतात आणि ग्लिसरीन मोकळं पडतं. सुट्या झालेल्या साखळ्या म्हणजे बायोडिझेल. रेणूचं वजन एक तृतीयांशावर येतं आणि दाटपणा डिझेलच्या आसपास. 1853 सालापासून माहीत असलेली ही गोष्ट मी फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत होतो. प्रत्यक्ष केली ती नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

स्वयंपाकघरात का नाही, हे आधी सांगतो. मिथेनॉल हे विष आहे. त्याची वाफ सहज पेट घेते, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही, आणि पोटात गेलं तर आधी डोळे जातात आणि मग माणूस. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. ते परवान्याशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. मी ते कॉलेजच्या पत्रावर परवानाधारक विक्रेत्याकडून आणायचो आणि कुलपात ठेवायचो. शेड चारी बाजूंनी उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, जवळपास चूल नाही. बायोडिझेल घरी करा असं मी कुणाला सरसकट सांगत नाही. ज्याला रसायनं हाताळायची सवय आहे त्यानेच त्या वाटेला जावं.

आता करण्यातली खरी गंमत. ताज्या तेलाला लिटरमागे दोनशे मिलिलिटर मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. तळलेल्या तेलाला मात्र सोडा जास्त लागतो, कारण तापून तापून त्यातल्या काही साखळ्या आधीच तुटून आंबट झालेल्या असतात. तो आंबटपणा किती, हे मोजावं लागतं. एक मिलिलिटर तेल थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात दर्शक घालायचा आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅम सोडा विरघळवून केलेलं द्रावण ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. कॉलेजात दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन असतं. मी शेडमध्ये हळद वापरली. चिमूटभर हळद घातली की भांडं पिवळं, थेंब पडतात, प्रत्येक थेंबाखाली क्षणभर लाल ठिपका उमटून विरतो, आणि मग एका थेंबाला सगळं भांडं कुंकवाच्या रंगाचं होऊन तसंच राहतं. पंढरपूरला हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. जितके मिलिलिटर लागले तितके ग्रॅम सोडा लिटरमागे वाढवायचा.

पुढचं काम धीराचं. तेल आधी पाण्याचा अंश उडेपर्यंत तापवून गाळायचं, मग पंचावन्न अंशांपर्यंत निववायचं. मिथेनॉल चौसष्ट-पासष्ट अंशांनाच उकळतं, म्हणून त्यावर जायचं नाही. बंद भांड्यात सोडा-मिथेनॉल मिसळून ते तेलात सोडायचं, तासभर ढवळायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी भांड्यात दोन थर झालेले असतात. खाली काकवीसारखं काळपट, जड ग्लिसरीन आणि वर स्वच्छ मधाळ रंगाचं इंधन. सत्तावीस भाग मिथेनॉलमध्ये ते तीन भाग टाकून पाहायचं. सगळं विरघळलं तर जमलं, तळाशी तेलाचे गोळे बसले तर साखळ्या अजून अडकलेल्या आहेत. मग पाण्याने धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत, आणि पुन्हा कोरडं करायचं.

ते मी वडिलांच्या इंजिनात घातलं. जुनी रबरी नळी बायोडिझेलने फुगते, म्हणून ती आधीच बदलून घेतली होती. सुरुवातीला पाचात एक भाग, पुढे निव्वळ. भपके कमी झाले. लिटरमागे ताकद डिझेलपेक्षा थोडी कमी, आठ-नऊ टक्क्यांनी, पण पाणी उपसणाऱ्या इंजिनला त्याचं काही वाटत नाही. थंडीत मात्र पामतेलापासून केलेलं इंधन पहाटे गढूळ होऊन फिल्टरशी अडतं. त्या दिवसांत ते डिझेलमध्ये मिसळूनच वापरायचं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो ब्युरेटवरचा आकडा. घरच्या दिवाळीचं तेल एक-दीड मिलिलिटरला लाल होई. स्टँडसमोरच्या वड्याच्या गाड्यावरचं तेल पाचापर्यंत जाई. ते तेल किती छळलं गेलंय हे तो आकडा सांगत होता, आणि तो लपवता येत नाही. गाड्यावरच्या अण्णांना मी हे एकदा समोर करून दाखवलं. मग ते रोज विचारू लागले.

"सर, आज किती?"

"पाच मिली, अण्णा."

"म्हंजी लई झालं?"

"लई झालं. कालच उतरवायला पाहिजे होतं."

"उतरवलं असतं हो. पण नवा डबा कितीला येतो ते तुमाला ठावं हाय. आन् काळं तेल न्यायला मोटारसायकलवाला येतोच की. किलोवर पैशे देतो."

तो मोटारसायकलवाला ते कुठे नेतो, हे अण्णांना माहीत होतं आणि मलाही. ते नव्या तेलात मिसळून अण्णांपेक्षा लहान गाड्यांवर जातं आणि पुन्हा माणसाच्या पोटात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलात तापून तापून बनणाऱ्या ध्रुवीय संयुगांना पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही आली, आणि पुढे दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही सक्तीची झाली. हे सगळं योग्य झालं. पण अण्णांचा गाडा पन्नास लिटरच्या खूप खाली आहे, आणि अशाच गाड्यांवर गाव जेवतं. मी अण्णांना मोटारसायकलवाल्याचाच भाव दिला. माझं इंधन त्यामुळे पंपावरच्या डिझेलहून फारसं स्वस्त पडलं नाही, आणि तो हिशेब मी फार मनावर घेतला नाही.

2003 च्या सुमाराला सगळीकडे मोगली एरंडाची हवा होती. त्याआधी 2002 च्या 31 डिसेंबरला दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर धावली होती, पडीक रानं हिरवी होणार आणि विहिरी डिझेलच्या होणार, असं वातावरण होतं. आमच्याकडच्या बांधांवरही रोपं लागली. बिनपाण्याच्या मुरमाड रानात ती जगली, पण फळं धरेनात. नवं पीक शोधायला एवढी माणसं आणि पैसा लागला तेव्हा प्रत्येक स्टँडसमोर, प्रत्येक मंगल कार्यालयाच्या मागे तयार तेलाचे डबे उभे होते, याचं मला आजही वाईट वाटतं. एका घराच्या तेलातून इंजिन चालत नाही. गल्लीच्या तेलातून चालतं.

म्हणून दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी पत्र्याचा झाकणाचा डबा ठेवतो. चकल्या, शंकरपाळ्या झाल्या की बायका बरण्या घेऊन येतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. अनारशाचं तूप चालेल का? चालेल, पण वेगळं द्या, ते लवकर गोठतं. करडई आणि सोयाबीन एकत्र झालंय, चालेल का? चालेल. तळाशी पिठाचा चुरा आहे. गाळून द्या. आणि बरणी विसळून पाणी त्यात ओतू नका. पाण्याने इंधनाऐवजी साबण होतो.