पाच व्होल्टचं घराणं

लग्न ठरवताना पत्रिका पाहावी की नाही, यावर दोन मतं असू शकतात. चिप निवडताना मात्र ती पाहावीच लागते. हे ज्ञान मला आमच्या भाच्याकडून झालं.

मेहुण्यांनी १९८५ साली दुबईहून ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती कॉम्प्युटर आणला होता. मेहुणे गेले, कॉम्प्युटर राहिला. पुढे तोही मुका झाला. पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट सांभाळणारी त्याची ‘यूएलए’ चिप खलास झाली होती. मूळची चिप आता बनत नाही. बदली चिप तयार मिळते म्हणे. पण वडिलांचं यंत्र आपल्याच हातानं बोलतं करायचं, असा चिरंजीवांचा हट्ट. म्हणजे कोऱ्या पाटीसारखी चिप आणायची आणि हवं ते लॉजिक तिच्यावर लिहायचं.

अशा चिपा ढीगभर. चपळ, हुशार, खिशाला परवडणाऱ्या. पण घोडं अडलं व्होल्टेजवर. स्पेक्ट्रमचं घराणं जुनं, ५ व्होल्टचं. तिथं सगळा कारभार मोठ्या आवाजात. आजच्या चिपांच्या पोटात एक आणि ओठात एक: आत १.२ व्होल्ट, बाहेर बोलताना फार तर ३.३. ही नव्या पिढीची नाटकं नव्हेत. चिपेला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. ५ चे २५, तर ३.३ चे जेमतेम ११. शिवाय आतले थर इतके पातळ, की त्यांना ५ व्होल्ट सोसवतच नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. धाकट्याचं बोलणं थोरल्याला कळतं. स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरच्या कानावर २ व्होल्ट पडले तरी तो ‘हो’ समजतो; ३.३ म्हणजे चैनच. पण थोरल्यांकडून ५ व्होल्ट आले, की धाकट्याची करपायची वेळ! ५ व्होल्ट सोसणारी चिप घ्यावी, तर तसल्या सोशिक चिपा बाजारातून उठत चालल्या.

मग तोडगा? मध्यस्थ! ७४एलव्हीसी२४५ नावाची साधी चिप मध्ये बसवायची. ती स्वतः ३.३ वर जगते, ५ व्होल्टचं ओरडणं निमूट ऐकते आणि तेच पलीकडे हळू आवाजात सांगते.

भाचा हे मोठ्या कौतुकानं सांगत होता आणि माझी बहीण मेथी निवडत ऐकत होती. मेहुणे जन्मभर ५ व्होल्टमध्ये बोलले. चिरंजीव पहिल्यापासून ३.३ चे. ‘बाबा ओरडत नाहीयेत रे, जेवायला ये म्हणतायत,’ हे काम तिनं तीस वर्षं केलं. घरात कोणी करपलं नाही.

तिला मात्र कुठल्या कॅटलॉगात नंबर मिळाला नाही.